अभ्यासिकेची हवा : प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

विषय पक्का केला. खोकल्यातून, शिंकेतून आणि साध्या बोलण्यातून जे थेंब बाहेर पडतात ते बंद खोलीत किती वेळ टिकतात, त्यांच्याबरोबर फ्लू, कोरोना, गोवर यांचे विषाणू कसे फिरतात, आणि आपली खोली आपण स्वतः किती सुधारू शकतो, हे पाहायचं. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायचं आहेच, पण माझा जीव गुंतलाय तो अभ्यासिकेत.

खोलीची माहिती आधी लिहून ठेवते. औसा तालुक्यातल्या आमच्या गावची शाळा, तिच्या आवारातली जुनी खोली. २० फूट लांब, १६ फूट रुंद, १० फूट उंच. ३,२०० घनफूट, म्हणजे साधारण ९० घनमीटर हवा. वर स्लॅब. दक्षिणेच्या भिंतीत दार आणि एक खिडकी. उत्तरेच्या भिंतीतही एक खिडकी आहे, पण तिच्यापुढे जुन्या रजिस्टरांचं लोखंडी कपाट उभं आहे. छताला दोन पंखे. रोज संध्याकाळी सात ते साडेनऊ आठवी ते दहावीची वीस-पंचवीस लेकरं इथे सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसतात. घरी एकच पत्र्याची खोली, त्यात टीव्ही चालू, म्हणून ती इथे येतात.

दिवाळी सरली की खिडकी बंद व्हायला लागते. "मॅडम, थंडी वाजायली, लावू का?" मग एकाला सर्दी-ताप आला की आठवड्याभरात निम्मी सतरंजी खोकायला लागते. दहावीच्या वर्षात पंधरा दिवस अंथरुणात जाणं या लेकरांना परवडत नाही. शिकवणीचे पैसे नाहीत; बुडालेलं भरून काढायला दुसरी जागा नाही.

१४ नोव्हेंबर

नववीचा गट बसवला. पहिलाच प्रश्न टाकला: सर्दी-ताप एकाचा दुसऱ्याला कसा लागतो? उत्तरं अशी: हात न धुतल्याने, उष्टं खाल्ल्याने, सहा फुटांच्या आत उभं राहिल्याने. कोरोनात ही लेकरं चौथी-पाचवीत होती, तेव्हा भिंतीवर लावलेली पत्रकं त्यांना अजून तोंडपाठ आहेत. यातलं काही खोटं नाही. हात धुवायलाच हवेत, जुलाब आणि कावीळ त्यानेच टळते. पण एकाही लेकराच्या तोंडून ‘हवेतून’ हे उत्तर आलं नाही.

त्या दोन वर्षांत गावाने काय कमी केलं? वेशीवर काट्या टाकल्या. गल्ल्यांतून सोडियम हायपोक्लोराइट फवारलं. नोटांवर इस्त्री फिरवली, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली. आणि रात्री सात-सात माणसं दार लावून एका खोलीत झोपली. गावाला तरी कोण काय सांगणार होतं? २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेच जाहीर केलं होतं की कोविड हवेतून पसरत नाही. त्याच वर्षी जुलैत लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांनी २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने उघड पत्र लिहिलं, की बाबांनो, हवेकडे बघा. संघटनेच्या माहितीत ते नीट उतरेपर्यंत एप्रिल २०२१ संपत आला होता. आपल्याकडे तो एप्रिल ऑक्सिजनच्या खाटेसाठी दारोदार फिरण्यात गेला. खिडकी उघडायला पैसे लागत नाहीत. एवढी साधी गोष्ट वेळेवर गावात पोचली नाही, याचं मला फार वाईट वाटतं, आणि हा प्रकल्प त्यासाठीच आहे.

१८ नोव्हेंबर

आज थेंबांचं गणित. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस ६० ते १०० मायक्रॉन जाड, कोरोनाचा विषाणू ०.१ मायक्रॉनच्या आसपास. विषाणू एकटा उडत नाही. तो लाळेच्या नाहीतर श्वासनलिकेतल्या ओलाव्याच्या थेंबात बसून येतो. त्यामुळे मोजायचं ते थेंबाचं माप.

बारीक थेंबाचा पडण्याचा वेग व्यासाच्या वर्गावर ठरतो. व्यास दहापट कमी झाला की वेग शंभरपट कमी. पोरांनी उभ्या माणसाच्या तोंडापासून, म्हणजे दीड मीटरवरून, स्थिर हवेतला हिशेब केला. १०० मायक्रॉनचा थेंब पाच-सहा सेकंदांत जमिनीवर. १० मायक्रॉनचा आठ मिनिटांनी. ५ मायक्रॉनचा अर्ध्या तासाहून जास्त. १ मायक्रॉनच्या थेंबाचं उत्तर बारा तासांवर गेलं, तेव्हा एका पोराने आपलं गणित चुकलं समजून पुन्हा मांडलं. बरोबरच होतं. त्यातही हे स्थिर हवेचं उत्तर. खोलीतली हवा कधीच स्थिर नसते: पंखा फिरतो, माणसाच्या अंगाची ऊब हवेला वर ढकलते, दार उघड-झाप होतं. म्हणजे बारीक थेंब खाली बसतो असं धरूनच चालायचं नाही.

मग मी ज्वारीच्या राशीची आठवण दिली. उफणताना दाणा पायाशी पडतो आणि भुस्कट वाऱ्याबरोबर जातं. टोपलं एकच, हात एकच. खोकल्याचंही तसंच. मोठे थेंब समोरच्याच्या अंगावर नाहीतर जमिनीवर पडतात, बारीक थेंब हवेत राहतात. सहा फुटांचा नियम फक्त दाण्यासाठी आहे. आणि उफणणाऱ्या माणसाजवळ जास्त भुस्कट असतं हेही लेकरांनीच सांगितलं: जवळ बसणं सगळ्यात धोक्याचंच, पण लांब बसलं म्हणून सुटका नाही.

यात वाळण्याचा भाग राहिला होता. थेंब तोंडातून निघतो तो ओला. बाहेरच्या कोरड्या हवेत पाणी उडतं आणि थेंब आकसतो, मूळ व्यासाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यापर्यंत. उरतात मीठ, प्रथिनं आणि त्यांत अडकलेले विषाणू. जो थेंब खाली पडायला निघाला होता तोच वाटेत हलका होऊन तरंगायला लागतो. आपल्या भागातली हवा पावसाळा सोडला तर बहुतेक कोरडीच. इथे थेंब लवकर आकसणार हे उघड आहे.

२२ नोव्हेंबर

आजची नोंद इतिहासाची. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते म्हणून सविस्तर लिहिते.

थेंब वाळून तरंगतात हे पहिल्यांदा नीट मांडलं विल्यम वेल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने, १९३४ मध्ये. सुमारे १०० मायक्रॉनहून मोठे थेंब वाळण्याआधी जमिनीवर पडतात आणि त्याहून लहान पडण्याआधी वाळतात, ही त्याची रेषा. त्याची बायको मिल्ड्रेड वेल्स डॉक्टर होती, दोघांनी मिळून काम केलं. फिलाडेल्फियाजवळच्या शाळांत त्यांनी वर्गांच्या वरच्या भागात जंतू मारणारे अतिनील दिवे लावले, आणि १९४१ च्या गोवरच्या साथीत त्या वर्गांत लागण कमी झाली. शाळेतच झालेला प्रयोग. माझ्या गटाला याचं फार अप्रूप वाटलं.

तरी बरेच डॉक्टर मानेनात. चार्ल्स चेपिन या आरोग्य अधिकाऱ्याने १९१० मध्येच ठसवलं होतं की रोग जवळच्या स्पर्शाने लागतात, हवेची भीती व्यर्थ आहे. आधीच्या काळी लोक ‘दूषित वारं’ म्हणून कशालाही रोगाचं कारण समजत, ते मोडून काढायला त्याला असं ठासून सांगावं लागलं असेल. पण त्यामुळे पुढची कितीतरी वर्षं हवा हा शब्द काढला की माणूस जुनाट ठरायचा.

मग १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोरच्या रुग्णालयात वेल्सचा विद्यार्थी रिचर्ड रायली याने क्षयाच्या वॉर्डातली हवा नळीने वरच्या मजल्यावरच्या पिंजऱ्यांत नेली. पिंजऱ्यांत गिनीपिग. रुग्णांशी त्यांचा कसलाच स्पर्श नाही, संबंध फक्त हवेचा. गिनीपिगना क्षय झाला. दुसऱ्या पिंजऱ्याकडे जाणाऱ्या हवेवर अतिनील प्रकाश टाकला होता, तिथल्यांना झाला नाही. क्षय हा जिवाणूचा रोग, विषाणूचा नाही. पण हवेतून रोग जातो हे त्याने कायमचं सिद्ध झालं.

आणि त्यातूनच एक घोळ निघाला. क्षयाचा जंतू फुप्फुसाच्या अगदी तळाशी पोचला तरच रोग करतो, आणि तिथवर पाच मायक्रॉनहून लहान कणच पोचतात. ‘पाच’ हा आकडा तिथला. पुढे पुस्तकांत तोच आकडा ‘याहून मोठा तो थेंब, तो दोन मीटरच्या आत पडतो’ म्हणून छापला जाऊ लागला. पाच मायक्रॉनचा कण किती वेळ तरंगतो ते आमच्या नववीच्या गटाने चार दिवसांपूर्वी वहीवर काढलं आहे. २०२१ मध्ये लिन्सी मार, लिडिया बुरुइबा, कॅथरीन रँडल वगैरेंनी जुने कागद चाळून हा घोळ उघड केला. आता २०२४ च्या एप्रिलमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने थेंब आणि हवेतले कण अशी पाचाची भिंतच काढून टाकली आणि सगळ्यांना मिळून ‘संसर्गजन्य श्वसनकण’ म्हटलं.

२९ नोव्हेंबर

धुराचा प्रयोग. अंधार पडल्यावर दिवे मालवले, खिडकी-दार बंद, आणि सतरंजीच्या मधोमध एक अगरबत्ती. बॅटरीचा झोत आडवा धरला. अगरबत्तीच्या धुराचे कण मायक्रॉनहूनही लहान असतात, म्हणून तरंगणाऱ्या कणांची वाट पाहायला तो चांगला.

धूर आधी सुतासारखा सरळ वर गेला, छाताडाच्या उंचीवर फाटला, आणि छताखाली पसरून भिंतींवरून हळूहळू खाली उतरला. पंखा एकवर लावला तेव्हा झोतातला पट्टा क्षणात पुसला गेला. "मॅडम, धूर गेला!" अशी आरोळी उठली. गेला नव्हता. मी कोपऱ्यात बसलेल्या पोरीला विचारलं, तिला वास आधीपेक्षा जास्त यायला लागला होता. पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. जवळच्याचा वाटा कमी होतो आणि लांबच्याचा वाढतो.

अगरबत्ती विझवली तरी बऱ्याच वेळाने झोतात पांढुरकी झाक दिसतच होती. दार उघडलं. दाराजवळचा धूर हलला, पण कपाटाच्या बाजूचा ढग जागचा हलेना. मग दोघांनी कपाटाआड हात घालून उत्तरेची खिडकी चार बोटं ढकलली. तेवढ्या फटीतून वारा आला आणि सगळा ढग दक्षिणेकडे, दाराकडे सरकायला लागला. झोतात तो सरकताना दिसत होता, पोरं माना वळवून बघत होती. हे मी फळ्यावर तास-तास सांगितलं असतं तरी इतकं पोचलं नसतं.

३ डिसेंबर

लातूरला महाविद्यालयात शिकवणाऱ्या मैत्रिणीकडून कार्बन डायऑक्साइड मोजायचं मीटर आणलं. एनडीआयआर सेन्सरचं आहे, म्हणजे अवरक्त किरणांनी थेट हाच वायू मोजणारं. बाजारात स्वस्त मीटरं मिळतात ती हवेतले इतर वायू मोजून कार्बन डायऑक्साइडचा अंदाज देतात. अगरबत्ती पेटवली की आकडा उड्या मारतो. घेणाऱ्याने पहिल्यांदा मोकळ्या हवेत धरून बघावं, ४२० ते ४५० च्या आसपास पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) दाखवायला हवं. आमच्या मीटरने पारावर ४३० दाखवलं.

विषाणू मोजता येत नाही, पण विषाणू ज्या श्वासातून येतो त्याच श्वासातून हा वायूही येतो. सोडलेल्या श्वासात तो सुमारे ४ टक्के असतो, म्हणजे ४०,००० पीपीएम. खोलीतला आकडा बाहेरच्या आकड्याच्या जितका वर, तितकी हवा आधीच कुणाच्यातरी छातीतून फिरून आलेली.

आज खिडकी-दार बंद, नेहमीसारखी चोवीस लेकरं. तासाभराने मीटर: २,६००.

२,६०० उणे ४३० म्हणजे २,१७०. त्याला ४०,००० ने भागलं की साडेपाच टक्के होतात. अठरा श्वासांतला एक पूर्ण श्वास दुसऱ्यांनी सोडलेला. हिशेब सांगितल्यावर खोलीत शांतता पसरली, आणि मग दहावीतल्या एका मुलीने उठून आपणहून खिडकी उघडली. डोकं जड होणं, साडेआठला जांभया येणं, हे ती रोज अभ्यासाच्या कंटाळ्यावर ढकलत होती.

५ डिसेंबर

हवा तासाला किती वेळा बदलते ते काढायची सोपी रीत बसवली. लेकरं गेल्यावर मीटर आत ठेवायचं आणि जादाचा आकडा, म्हणजे बाहेरच्याहून वर असलेला, निम्मा व्हायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. ४२ ला त्या मिनिटांनी भागलं की ताशी हवाबदल मिळतो.

बंद खोलीत अठ्ठावीस मिनिटं लागली. म्हणजे ताशी दीड वेळा. या वेगाने एका खोकल्याचे तरंगते कण ९५ टक्के बाहेर जायला दोन तास लागतात, आणि अभ्यासिकाच अडीच तासांची. सात वाजता खोकललेलं पोर आठला घरी गेलं तरी त्याचा खोकला नऊपर्यंत खोलीतच.

९ डिसेंबर

कपाट हलवलं. शिपाईमामा, हेडसर आणि दहावीची मुलं. आतली रजिस्टरं आधी काढावी लागली, त्यांत दोन तास गेले. खिडकीची बिजागरी गंजलेली, गावातल्या वेल्डिंगवाल्याने पैसे न घेता बसवून दिली.

दोन्ही खिडक्या आणि दार सताड उघडं: जादाचा आकडा पाच मिनिटांत निम्मा. ताशी आठ-साडेआठ हवाबदल! चोवीस लेकरांत वाटलं तर प्रत्येकाला सेकंदाला पावणेनऊ लिटर ताजी हवा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दहा लिटर म्हणते, त्याच्या जवळ आलो. बसलेल्या वर्गात मीटर ९५० च्या आत राहिलं. अठरांतला एक श्वास आता ऐंशीतला एकाच्या जवळपास. लोखंडी कपाट पंधरा फूट सरकवल्याने.

१२ डिसेंबर

थंडी. रात्री नऊला सगळं सताड उघडं ठेवणं चालणार नाही, लेकरं कुडकुडतात. तडजोड अशी: दोन्ही खिडक्या चार-चार बोटं उघड्या, दार अर्धं, आणि सव्वाआठला दहा मिनिटांची सुट्टी, तेव्हा सगळे मैदानात आणि खोली पूर्ण उघडी. मीटर १,३०० च्या वर गेलं नाही. उत्तरेच्या खिडकीजवळ बसणाऱ्यांसाठी घरून शाल. हे टिकेल असं वाटतं, कारण लेकरांनीच ठरवलंय.

२० डिसेंबर

आवाजाची गोष्ट. बोलताना किती कण निघतात ते आवाजाच्या पट्टीवर ठरतं: कुजबूज कमी, बोलणं जास्त, ओरडणं आणि गाणं त्याहून जास्त. एकजण उजेडाच्या झोतासमोर ‘पपई, पपई’ म्हणाला तेव्हा थुंकीचे मोठे थेंब चमकताना दिसले. बारीक कण साध्या डोळ्याला दिसत नाहीत, पण तेच संख्येने जास्त असतात.

यावरून १० मार्च २०२० चं उदाहरण सांगितलं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅली इथे समूहगायनाचा सराव, ६१ जण, अडीच तास. एक जण सर्दीने आजारी. त्या एकासह ५३ जण आजारी निघाले, दोघं दगावली.

लगेच प्रश्न आला: मग हरिपाठ? आमच्या मंदिराचा सभामंडप तीन बाजूंनी मोकळा आहे, तिथे काळजी कमी. पण थंडीत भजनी मंडळ मंदिरामागच्या खोलीत बसतं, दार लावून, टाळ-मृदंग आणि वीस जण मोकळ्या गळ्याने. त्यातले निम्मे साठीच्या पुढचे. अभंग म्हणायचा थांबा असं मी कुणालाच सांगणार नाही. पण मंडपात बसा, कानाला उपरणं गुंडाळा, एवढं सांगायला गटातली दोघं जाऊन आली. विणेकरी आजोबांनी ऐकून घेतलं. आमच्या शाळेतल्या पाढ्यांच्या वेळेलाही हाच नियम लावला, पाढे आता व्हरांड्यात.

२७ डिसेंबर

विणेकरी आजोबा स्वतः अभ्यासिका बघायला आले. वर स्लॅबकडे बघून म्हणाले, "सानं कुठाय?"

१९९३ च्या भूकंपाआधी इकडची घरं माळवदाची होती. जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी कड्या आणि माती, आणि छतात उजेडासाठी, चुलीच्या धुरासाठी ठेवलेलं भोक, म्हणजे सानं. पाऊस आला की वर चढून झाकायचं. आजोबांनी सांगितलं की त्यांची आई खोकणाऱ्या माणसाचं अंथरूण सान्याखाली घालायची. धूर जातो तसा खोकला जाऊ दे, म्हणायची.

अंगाची ऊब आणि श्वास दोन्ही खोलीतल्या हवेपेक्षा गरम, म्हणून ते वर चढतात. वर वाट असली की ते निघून जातात आणि दारातून खालून ताजी हवा आत येते. वारा पडलेला असला तरी हे चालतं. त्या भूकंपात माळवदांनी माणसं गाडली, किल्लारीकडचं कुणीच ती घरं पुन्हा मागणार नाही, मीही नाही. पण पत्रे आणि स्लॅब आले तेव्हा वरची वाट कुणी ठेवली नाही. निजामकाळातल्या जुन्या शाळांमध्ये छताखाली झरोके असत, आमच्या खोलीत तेही नाहीत. भिंतीत छताच्या खाली दोन झरोके पाडता येतील का, हे गवंड्याला विचारायचं.

१० जानेवारी २०२५

तालुक्याचं प्रदर्शन झालं. मांडणी चांगली झाली, परीक्षकांनी आकडा निम्मा होण्याच्या रीतीबद्दल बरंच विचारलं, पोरांनी न अडखळता सांगितलं. क्रमांक आला नाही. शेजारच्या दोन शाळांच्या शिक्षकांनी कपाटाची गोष्ट वहीत लिहून नेली.

६ फेब्रुवारी

आशाताई आल्या होत्या, गोवरवर बोलायला. हवेतून पसरणाऱ्या रोगांत गोवरासारखा दुसरा नाही. लस न घेतलेली दहा माणसं गोवर झालेल्याच्या सहवासात आली तर नऊ जणांना होतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेत विषाणू राहू शकतो. १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरजवळच्या एका शाळेत दुसरीतल्या एका मुलीपासून चौदा वर्गांतल्या अठ्ठावीस जणांना गोवर झाला. त्यातली बरीच मुलं तिच्या वर्गात कधी बसलीच नव्हती. शाळेची यंत्रणा एका वर्गातली हवा फिरवून दुसऱ्या वर्गांत सोडत होती.

आशाताईंचं म्हणणं अगदी खरं: गोवरापुढे खिडकी पुरत नाही. बाळाला नऊ महिने पूर्ण झाले की पहिली मात्रा, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी. ऊसतोडीला गेलेल्या घरांची लेकरं यात सुटतात, बाप-माय सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. त्यांची यादी आशाताईंकडे आहे. आमच्या शाळेतल्या मोठ्या भावंडांकडून परतण्याची तारीख काढून द्यायचं गटाने घेतलं.

मास्कचंही तेव्हाच बोलणं झालं. तोंडाला दस्ती बांधली तर मोठे थेंब अडतात, बारीक कण विणीतून आणि गालाच्या फटीतून जातात. एन-९५ मध्ये ०.३ मायक्रॉनचे कण ९५ टक्के अडतात, आणि तेच पकडायला सगळ्यात अवघड असतात. त्याहून बारीक कण वेडेवाकडे हलत धाग्यांना चिकटतात. तो धुवायचा नाही, धुतल्याने धाग्यांवरचा विद्युतभार जातो. घरात आजारी माणसाची सेवा करणाऱ्याने एवढा एक मास्क वापरावा.

१८ मार्च

वारा पडलेल्या रात्री दोन्ही खिडक्या उघड्या असूनही मीटर १,५०० दाखवतं. उपाय: टेबलफॅन दक्षिणेच्या खिडकीत, तोंड बाहेर. आतली हवा तो बाहेर फेकतो, उत्तरेकडून ताजी येते. अर्ध्या तासात आकडा हजाराच्या खाली. लेकरांना आधी पटेना, पंखा आणि तोंड बाहेर!

२२ एप्रिल

ऊन चाळीसच्या पुढे. दुपारी उन्हाळी वर्ग. झळा लागतात म्हणून सगळं बंद करायची सवय, म्हणजे हिवाळ्याचाच प्रश्न दुसऱ्या टोकाने.

गावात कुणी एसी देऊ केला तर काय, असा प्रश्न हेडसरांनी विचारला. भिंतीवरचा एसी तीच हवा आत घेऊन तीच थंड करून सोडतो, बाहेरची आणत नाही. २०२० च्या जानेवारीत चीनमधल्या ग्वांगझूच्या एका उपाहारगृहात एसीच्या झोताच्या रांगेत बसलेल्या तीन कुटुंबांतले दहा जण असेच आजारी पडले. मी कूलर मागितला.

आपला कूलर फार गुणाचा आहे. खिडकीबाहेर बसवला तर तो बाहेरचीच हवा ओल्या वाळ्यातून आत ढकलतो, एक थेंबभरही आतली परत फिरवत नाही. आमच्या कूलरच्या खोक्यावर ताशी २,००० घनमीटर लिहिलंय. निम्मे धरले तरी ९० घनमीटरच्या खोलीत ताशी अकरा हवाबदल. अट एकच: समोरची खिडकी उघडी हवी. ती बंद केली तर हवा शिरायला जागा राहत नाही, ओल कोंडते, अंग चिकचिकतं आणि गारवाही येत नाही. कूलर लावल्यावर खिडकी उघडायची हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. तोच कूलर खोलीच्या मधोमध ठेवला तर मात्र पंख्याहून वेगळं काही करत नाही. उत्तरेच्या खिडकीत बसवला. चोवीस जण बसलेले असताना मीटर ८०० च्या आसपास, आणि गारवाही. यापुढे हा प्रयोग तालुक्यात कुठेही दाखवायचा तर कूलरपासूनच सुरुवात करेन.

१५ मे

ग्रामपंचायतीला अर्ज दिला: अभ्यासिका, दोन अंगणवाड्या आणि मंदिरामागची खोली, चारही ठिकाणी छताखाली समोरासमोर झरोके, एक फूट बाय दीड फूट. भाऊसाहेब म्हणाले पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत बसवता येईल, आधी अंदाजपत्रक द्या. गवंडी येऊन भिंती ठोकून गेला. अभ्यासिकेची भिंत विटांची आहे, अडचण नाही, अंगणवाडीत बीम मध्ये येतो म्हणून झरोका हातभर बाजूला घ्यावा लागेल. जाळी बारीक लावायची, नाहीतर पारवे शिरतील. काम पावसाआधी व्हायला हवं. मीटर मैत्रिणीला जूनमध्ये परत करायचं आहे, त्याआधी अंगणवाड्यांची मोजणी उरकायची.